भिंतीच्या पोटात

कपाट म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे लाकडाची किंवा पत्र्याची उभी पेटी येते. संस्कृतात मात्र कपाट म्हणजे दाराची फळी, आपले कवाड. केदारनाथचे ‘कपाट’ उघडले, असे हिंदी बातम्यांत दरवर्षी सांगतात ते याच जुन्या अर्थाने. मग दाराचे नाव सामान ठेवण्याच्या वस्तूला कसे मिळाले? माझ्या मते उत्तर सरळ आहे. सामान आधीपासून भिंतीतल्या पोकळीत राहत होते, त्या पोकळीला फळी लागली आणि फळीचेच नाव आतल्या जागेला पडले. पेटी पुढे भिंतीतून बाहेर आली, नाव मात्र तेच राहिले. ‘खण’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात, म्हणून मराठवाड्यात आणि बिदरकडे घर चार खणांचे की सहा खणांचे हे विचारले जाते, आणि टेबलाचा किंवा कपाटाचा कप्पाही खणच. (चोळीचा खण वेगळा, त्याला इथे ओढायला नको.) ‘कोष्ठ’ या एका शब्दातून देवळाच्या भिंतीतले देवकोष्ठ, घरातला कोठा, कोठी, कोठार आणि वैद्यबुवांचा साफ होणारा-न होणारा कोठा एवढी वंशावळ निघाली. ‘अलमारी’ मात्र पोर्तुगिजांबरोबर आली. आत सामान ठेवायची सुटी लाकडी वस्तू परकी, तर भिंतीतली जागा घरची, असा कौल शब्दांनीच देऊन ठेवला आहे. शब्दांच्या साक्षीवर फार विसंबू नये हे खरे. म्हणून या लेखात ती साक्ष बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या भिंतींशी ताडून पाहायची आहे, विशेषतः औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या मराठी-कानडी सरमिसळीच्या तालुक्यांत. म्हणणे एवढेच आहे: अरुंद घरात स्वस्तात, मापाने करून घेतलेली साठवणीची जागा हे या भागात सुताराचे काम कधीच नव्हते. ते भिंत घालणाऱ्याचे, माती मळणाऱ्याचे आणि दगड फोडणाऱ्याचे काम होते, आणि भिंत बारीक झाली तेव्हाच घरात जागा कमी पडू लागली.

सुतार का नव्हता, याची कारणे शेतात आणि जंगलात आहेत. चिंचोलीकडचे जंगल सोडले तर हा प्रदेश काळ्या रानाचा आणि उघड्या माळाचा आहे. हाताशी लाकूड ते बाभळीचे आणि लिंबाचे. जे धड सरळ मिळे ते खांब-तुळयांना जाई. गावचा सुतार बलुतेदार होता, पण त्याचे बलुते नांगर, तिफण, कुळव आणि गाडीसाठी होते. घरातली फळी ठोकून देणे हे त्याच्या वर्षाच्या करारात बसत नव्हते, त्याचे वेगळे पैसे पडत. दगडाची गोष्ट उलटी. बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते तांबड्या, छिद्राळ दगडाचे आहे, कोकणात ज्याला जांभा म्हणतात तो. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. अहमदशहा वलीने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणली, तेव्हा किल्ल्याचा खंदक याच खडकात तीन पदरी कोरून काढला गेला. नौबादच्या बाजूला जमिनीखालून पाणी नेणारी कारेझ खोदली गेली तीही याच मऊपणाच्या जोरावर. ज्या दगडात एवढा खंदक कोरता येतो त्यात दिवा ठेवायला हातभर कोनाडा सोडणे म्हणजे गवंड्याची फुरसतीतली करामत. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे गेले की भीमेच्या खोऱ्यातला चुनखडी दगड लागतो. शहाबाद, चितापूर, सेडमचा. तो थरांचाच बनलेला असल्याने पहार आणि छिन्नीने त्याच्या आपोआप फरश्या निघतात. मधल्या भागात काळा पाषाण आणि पांढरी माती. तिन्ही ठिकाणी लाकूड महाग आणि भिंत स्वस्त.

भिंत जाड असायची ती साठवणीसाठी नव्हे, उन्हासाठी. कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, आणि माळवदाचे मातीचे छप्पर पेलायचे तर भिंत दोन फुटांची लागते. म्हणजे जाडी आधीच घेतलेली असे, तिचा खर्च होऊन गेलेला असे. त्या जाडीत रचतानाच रिकामी जागा सोडली तर वाढीव खर्च शून्य, उलट दगड वाचतो. ही या साऱ्या प्रकारातली खरी किफायत आहे, आणि ती ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांना सहसा दिसत नाही, कारण ते कोनाड्याकडे नक्षी म्हणून पाहतात. कोनाडा हा हिशेब होता. तो रचताना ठरवावा लागे, म्हणून तो घरमालकाच्या मापाने ठरे. दिव्याची देवळी दाराशेजारी, पाण्याच्या भांड्याची खाली, तेल-मिठाची चुलीच्या उजव्या हाताला, आणि पोथी किंवा कुराण ठेवायची छातीच्या वर, जिथे पोरांचा हात पोचत नाही. ज्यात कागदपत्रे आणि दागिने असत त्याला दार आणि कडी. तेच फडताळ. कानडीत याला गूडु म्हणतात, दखनीत ताक. एकाच घरात ‘ताकात ठेव’ म्हटल्यावर भिंतीकडे जायचे की लोटीकडे, हे बोलणाऱ्याच्या भाषेवरून ठरवायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा-अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, नारायणखेड-जहीराबाद आंध्रात, उरलेले तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. भिंतीतल्या कोनाड्याने मात्र ही वाटणी मानली नाही. तिन्ही बाजूंच्या जुन्या घरांत तो तसाच सापडतो.

कोनाड्याचा दुसरा गुण त्याच्या उथळपणात आहे आणि अरुंद जागेच्या दृष्टीने तो जाडीपेक्षाही महत्त्वाचा. फूटभर खोलीच्या जागेत एका वस्तूमागे दुसरी वस्तू लपत नाही. जे ठेवले ते दिसते, जे दिसते ते वापरले जाते. खोल कपाटात मागची रांग विसरली जाते आणि तिचीच अडगळ होते. पुन्हा, कोनाड्याला खोलीतली जमीन लागत नाही. सहा फूट रुंदीच्या ओवरीत दीड फूट खोलीचे कपाट ठेवले तर चौथा हिस्सा रुंदी गेली, आणि त्याचे दार उघडायला तेवढीच जागा मोकळी ठेवावी लागली ती वेगळीच. दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि फूटभर खोल अशा एका कोनाड्यात तीन घनफूट सामान राहते. असे दहा कोनाडे म्हणजे साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाटाएवढी जागा झाली, आणि जमिनीची एक वीतही गेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. जमीन गेली नाही हे खोटे आहे, असे कुणी म्हणेल. जाड भिंतीनेच ती आधी खाल्ली. आकडे मांडून पाहू. आतून दहा बाय बारा फुटांची खोली धरली, तर दोन फुटी भिंती एकशे चार चौरस फूट जागा घेतात. नऊ इंची विटांच्या भिंती जेमतेम पस्तीस घेतात. म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट जादा, अर्ध्या खोलीहून अधिक. शहरातल्या भावाने मोजली तर ही उधळपट्टी ठरते, हे मान्य करायलाच हवे. पण त्या काळच्या गावठाणात जागेला भाव नव्हता, भाव होता तो मजुरीला, लाकडाला आणि सावलीला. त्यामुळे आज कुणी फ्लॅटमध्ये दोन फुटी भिंत घालावी असे मी म्हणत नाही, ते हास्यास्पद होईल. म्हणणे एवढेच, की जुन्या भिंतीचा हिशेब तिच्या काळच्या दराने करावा, आणि त्या दराने तो चोख होता.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. भिंतीतला कोनाडा ही इराणी दरबारी हौस आहे, ती बहमनींबरोबर आली, गरिबाच्या घराशी तिचा संबंध काय, असे विचारता येते. बिदरच्या किल्ल्यातले महाल आणि अष्टूरचे मकबरे पाहिले की हा संशय बळावतो. कमानीदार कोनाड्यांच्या ओळीच्या ओळी तिथे आहेत. बहमनी वजीर महमूद गावान, ज्याचा मदरसा १४७२ मध्ये बिदरला उभा राहिला, तो इराणातल्या गिलानचा. गिलानला लागून असलेल्या अर्दबीलच्या दर्ग्यात पुढे शहा अब्बासच्या काळात चिनी भांड्यांसाठी आख्खी खोली कोनाड्यांनी भरली गेली, प्रत्येक भांड्याच्या आकाराचा वेगळा कोनाडा. ही परंपरा इकडे आली हे निर्विवाद. पण ती रिकाम्या जागी आली नाही. बसवकल्याणजवळचे नारायणपूरचे देऊळ, हुमनाबाद तालुक्यातले जलसंगीचे देऊळ, ही कल्याणी चालुक्यांच्या काळची, म्हणजे बहमनींच्या अडीचशे-तीनशे वर्षे आधीची. देवाला भिंतीत बसवायची देवकोष्ठाची कल्पना त्या स्थापत्यात मुरलेली आहे. घरातली ‘देवळी’ हे नाव देवळावरूनच आले. इराणी कारागिराने कमान दिली आणि प्रमाण दिले. भिंत पोकळ सोडण्याची अक्कल इथल्या पाथरवटाला आधीच होती. शिवाय महालातला कोनाडा दाखवण्यासाठी होता, त्यातले सामान पाहुण्याने पाहावे म्हणून. घरातला कोनाडा उचलण्या-ठेवण्यासाठी. दोन्ही एकाच आकाराचे असले तरी काम वेगळे, आणि मला इथे कामाचेच देणे-घेणे आहे.

जे सामान कोनाड्यात मावत नाही ते म्हणजे धान्य. त्याची सोय भिंतीने नाही तर जमिनीने केली. बळद घरातच, दोन भिंतींच्या मधे किंवा जमिनीखाली. पेव घराबाहेर, गावठाणाच्या पांढरीत. पेव काळ्या रानात का खोदत नाहीत, हे इथल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला माहीत असे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, पांढरी आपल्या जागी राहते. बिदरच्या तांबड्या मुरमात पाणी झिरपून जाते, तिथेही पेव टिकते. तोंड एका माणसापुरते अरुंद, पोट मोठे, घागरीसारखा आकार. आतून कडबा आणि काडाचे अस्तर, वरून फरशी, माती आणि शेणाचा लेप. आत कोंडलेली ज्वारी श्वास घेत राहते, हवेतला प्राणवायू संपतो आणि किडे गुदमरून मरतात. रसायनाचा थेंब न वापरता हे होते. त्याच कारणाने ताज्या उघडलेल्या पेवात घाईने उतरणारा माणूसही मरतो, म्हणून आधी पेटता कंदील खाली सोडून पाहायचा, विझला तर थांबायचे. उघडलेले पेव थोडे-थोडे वापरता येत नाही, एकदम रिकामे करावे लागते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्या अचानक झालेल्या रेलचेलीतूनच आला असावा. दख्खनने चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ पाहिला, १८७६ ते ७८ चा पाहिला. ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षी मागच्या चांगल्या सालाची ज्वारी जमिनीखाली असणे हीच काय ती हमी होती. पेवातल्या दाण्याला उबट वास येतो, बी म्हणून तो उगवत नाही. त्यामुळे बियाणे पेवात कधीच टाकत नसत, ते राखेत किंवा लिंबाच्या पाल्यात वेगळे ठेवत. तुरीला तर तांबड्या मातीचा हात देऊन वाळवत, म्हणजे भुंगा शिवत नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे जागा, हे तत्त्व इथे कुणी लिहून ठेवले नव्हते, पण पाळले जात होते.

आता तिसरा आक्षेप, जो मला सगळ्यांत जड वाटतो. दोन फुटांची भिंत कुणाची? पेव कुणाचे? ज्याची जमीन त्याचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, लमाणांच्या तांड्यावर, सालगड्याच्या झोपडीत भिंत होती कुडाची, तुराट्या आणि बोरूच्या ताट्याला माती लिंपलेली, चार बोटे जाड. तिच्यात कोनाडा कुठून सुटणार? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि माझे विधान त्यापुरते बदलतो. गरिबाच्या घरात साठवण भिंतीत नव्हती, ती मातीच्या भांड्यात होती, आणि तिचा कारागीर गवंडी नव्हता, घरातली बाई होती. उतरंड पाहा. तळाला रांजण किंवा डेरा, त्यावर उतरत्या मापाची मडकी-गाडगी, माथ्यावर झाकणी. जमीन लागते एका रांजणाची, माल राहतो सात भांड्यांचा. अरुंद जागेतल्या उभ्या साठवणीचे यापेक्षा स्वस्त उदाहरण मला दुसरे माहीत नाही. भांडी कुंभाराच्या बलुत्यातून येत, म्हणजे तीही सुगीच्या वाट्यात चुकती होत. तुरीचे पीक निघाल्यावर उरलेल्या तुराट्यांची कणगी विणली जाई, शेणमातीने लिंपली की तिच्यात वर्षाची ज्वारी राही. मातीच्या कोठ्या बाया स्वतः थर देत चढवत. एक थर वाळला की दुसरा, विती-विती, घराच्या कोपऱ्याला बसेल त्या आकाराची. यापेक्षा जास्त ‘मापाने करून घेतलेले’ ते काय असणार? दही-लोणी शिंक्यावर, वाकळा आढ्याच्या दांडीवर. उतरंडीची खोट एवढीच, की तळातले काढायचे तर वरचे सगळे उतरवावे लागते. म्हणूनच बाईने जपून ठेवलेला पैसा तळाच्या गाडग्यात असे. चोराला आणि नवऱ्यालाही ती मेहनत नको असते. पुढे मराठीने ‘उतरंड’ हाच शब्द जातींच्या रचनेला लावला तो का, हे सांगायला नको.

साठवणीच्या या कथेला बसवकल्याणच्या मातीत एक छेद आहे, तोही नोंदवायला हवा. बाराव्या शतकात बिज्जळ राजाच्या दरबारी बसवण्णा भांडारी होते. राज्याचे कोठार सांभाळणाऱ्या माणसाने घरात साठवू नका, कायक म्हणजे कष्टाचे काम करा आणि दासोहात वाटून टाका, असे शिकवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. त्यांच्या मंडळीतली आय्दक्की लक्कम्मा सांडलेले तांदूळ वेचून जगत असे. नवऱ्याने एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त आणले, तर तिने ते परत पाठवले. लक्कम्माच्या घरी कोनाडा लागतच नसणार. पण दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याला हा आदर्श झेपला नाही, त्याने पेव खोदलेच. मला त्यात विसंगती दिसत नाही. लक्कम्माचा विरोध हावेला होता आणि पेव ही हाव नव्हती, पुढच्या सालाची भीती होती.

बदल आला तो आगगाडीने. १८७१ मध्ये मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा मार्ग गुलबर्गा, शहाबाद, वाडी करत रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. तीन वर्षांनी वाडीहून हैदराबादला फाटा गेला. ज्या दगडाची फरशी आजवर बैलगाडीच्या पल्ल्यात विकली जात होती ती आता थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागली. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत जमिनीला, मोरीला, ओट्याला ‘शहाबादी’ बसली, आणि एका गावाचे नाव मराठीत फरशीचा पर्याय होऊन बसले. जिथे हा दगड निघतो त्या चितापूर-सेडम भागात तर लोक त्याच्या भिंतीही उभ्या करतात आणि छपरेही घालतात. माझ्या दृष्टीने या दगडाचे मोठे काम वेगळेच आहे. भिंत बारीक झाली, कोनाडा सुटेना, तेव्हा फरशीने कोनाड्याची जागा घेतली. विटांचे काम चालू असताना नऊ इंच किंवा फूटभर रुंदीची फरशी तीन-चार इंच भिंतीत रोवायची, बाकीची खोलीत पुढे येऊ द्यायची. झाली मांडणी. वाळवी लागत नाही, ओल चढत नाही, रंग द्यावा लागत नाही. कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा बसवला तर फेकून द्यायच्या तुकड्याचेही सोने होते. खाणीच्या जवळ राहणाऱ्याला ती लाकडी फळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. मर्यादाही स्पष्ट आहेत. एक इंच जाडीची फरशी चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे दोन-अडीच फुटांवर टेकू नसेल तर ती स्वतःच्या आणि डब्यांच्या वजनाने तडकते. दगड चुनखडीचा, म्हणून लिंबू-चिंच सांडली की डाग खाऊन जातो. पुढे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत आंध्रातला काळा कडप्पा हीच युक्ती घेऊन आला आणि शहाबादीला मागे सारून बसला. पण ती युक्ती कडप्प्याची नव्हे.

या दगडाच्या वाट्याला एक विचित्र गोष्ट आली. जो चुनखडी दगड फळी देतो तोच भाजून-दळून सिमेंट होतो. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र होऊन एसीसी उभी राहिली तेव्हा त्यांत शहाबादची सिमेंट कंपनीही होती. वाडीचा कारखाना नंतरचा. सिमेंट आले तशी दोन फुटांची भिंत नऊ इंचांवर, मग साडेचार इंचांवर आली. ज्या मातीतून फळी निघाली तिच्यातूनच कोनाड्याची गच्छंती करणारी पूड निघाली. धान्याचीही तीच गत झाली. साठच्या दशकात सरकारने धान्य वाचवण्याची मोहीम काढली, पत्र्याच्या कोठ्या आल्या, तागाची पोती आणि रेशन दुकान आले, आणि पेवे बुजवली गेली. ज्वारीच्या जागी तूर आणि सोयाबीन नगदी म्हणून विकले जाऊ लागल्यावर घरात साठवायला उरले काय, असाही प्रश्न होताच. उरले ते कपडे, कागद, भांडी, औषधे आणि वह्या. अशा सामानाला पेव लागत नाही. त्याला लागतो कोनाडा, आणि नेमका तोच गेला. म्हणून लोखंडी कपाट खोलीत उभे राहिले. लग्नात मुलीला कपाट द्यायची रीत याच काळात पक्की झाली. ज्या घरात ते ठेवायला भिंत रिकामी नाही त्या घरातही ते देतात, हा आपला एक स्वतंत्र विनोद.

शेवटचा आक्षेप किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे मेली ती याच जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या छपरांखाली. उमरगा तालुका आळंद-बसवकल्याणला लागून आहे. हादरा या बाजूलाही बसला आणि त्या दिवसापासून जाड भिंतीवरचा विश्वास उडाला. यानंतर भिंतीच्या पोकळीचे गुणगान करणे निर्दयपणाचे वाटू शकते. पण भिंत का पडली हे नीट पाहावे लागेल. ती पडली कारण आतला आणि बाहेरचा असे दोन स्वतंत्र थर रचून मधे माती-कपच्या भरल्या होत्या, दोन्हींना सांधणारा आरपार दगड नव्हता, दगडांना धरून ठेवणारे काही मातीत नव्हते आणि माथ्यावर टनांवारी माती होती. अनेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच तेवढ्या ढासळल्या. त्याच साली निघालेल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा भिंतींसाठी ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायला सांगितले आहे. दोष सांधणीचा आणि छपराच्या भाराचा होता. भिंतीच्या कोपऱ्याशी सोडलेला कोनाडा तिला कमकुवत करतो हेही खरे आहे, आणि तिथे तो सोडू नये. पण म्हणून मधल्या भागातला साडेचार इंच खोल कोनाडा किंवा रोवलेली फरशी यांनी कुणाचा जीव घेतला असे म्हणता येणार नाही.

पुनर्वसनाने मात्र वेगळाच धडा दिला. बावन्न गावे नव्या जागी बसवली गेली, घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला अडीचशे. घर भक्कम होते, पण कणगी, उतरंड, कडबा, औजारे आणि वाकळा यांना त्यात जागा धरलेली नव्हती, आणि लोकांनी लवकरच पत्र्याच्या शेड आणि पडव्या जोडायला सुरुवात केली. हा लोकांचा अडाणीपणा नव्हता. जुन्या घराची अर्धी साठवण भिंतीत, जमिनीत आणि आढ्यात होती, ती चौरस फुटांत मोजलीच जात नव्हती. नव्या घराचा हिशेब फक्त जमिनीचा झाला. त्यामुळे कागदावर तेवढेच असलेले घर प्रत्यक्षात लहान निघाले.

आजची ग्रामीण घरकुल योजना २०१६ पासून किमान पंचवीस चौरस मीटरचे घर देते, म्हणजे दोनशे सत्तरच्या आसपास चौरस फूट. स्वयंपाकाच्या जागेचा त्या व्याख्येत स्वतंत्र उल्लेख आहे. एवढ्या घरात साठवण भिंतीतच करावी लागेल, आणि भिंत चढताना रोवलेल्या फरशीच्या फळीचा खर्च गवंड्याच्या त्याच दिवसाच्या मजुरीत निघतो. नऊ इंची भिंतीत अर्ध्या विटेचा कोनाडा सोडला तर चार-साडेचार इंच खोली मिळते, तिच्यात कपबशा, औषधे, मसाल्याचे डबे, वह्या आणि मोबाइलचा चार्जर बसतो. दारावरच्या सात फुटांच्या वर फरशीचा माळा टाकला तर वाकळा आणि पेटारे वर जातात. अरुंद बोळात डोक्याच्या उंचीवर नऊ इंची फरशी रोवली तर चालणाऱ्याला अडत नाही. हे सगळे भिंत चढत असतानाच करायचे असते. प्लास्टर झाल्यावर छिन्नी घेतली की भिंतही दुखावते आणि पैसेही दुप्पट लागतात. तेव्हा घरकुलाचा पहिला हप्ता जमा झाला आणि गवंडी दोरी लावायला आला, की त्याला आधी घरातली बाई भेटू द्या. कोणती वस्तू कुठल्या हाताला लागते ते तिला माहीत आहे. सुताराला मग निवांत बोलवा, बोलवायचेच असेल तर.